काळजाशेजारचं पाणी

बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मॅंगनीजच्या खाणीत पुनाराम नंदागवळी नावाचा मुकादम होता. खाली बोगद्यात लाकडाचे टेकू बसवणारी टोळी त्याच्या हाताखाली. पण कामगारांच्या वस्तीत त्याला मुकादम म्हणून कोणी ओळखत नसे. तिथे तो होता 'बिनभोंग्याचा पुनाराम'. एका वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीच्या ऐन कार्यक्रमात वीज गेली, भोंगा बंद पडला, लोक चपला शोधायला लागले. पुनाराम मंचाच्या पार कडेला येऊन उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि असा सूर लावला, की मैदानाच्या टोकाला टपरीवर चहा पिणारे कप हातात तसेच धरून उभे राहिले. त्या दिवसापासून हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

तरुणपणी तो दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या सोंगी खेळात गायचा. धान घरात आलं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरायची, मंडईत दंडारीचा खेळ व्हायचा, आणि पुनाराम आहे म्हटलं की बैलगाड्या जुंपून लोक यायचे. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. देवादिकांची सोंगं त्याने त्याच दिवशी सोडली. गळा सोडला नाही. मग बुद्धाची आणि बाबासाहेबांची गाणी तो स्वतःच जुळवायचा आणि स्वतःच गायचा.

त्याला गर्व होता, आणि तो लपवतही नसे. "लोहाराचा भाता हाय ह्या छातीत," छातीवर मूठ आपटून तो म्हणायचा. "एक खेप भरला की पुरं कडवं निघते."

दुसरा गर्व कमलाचा. कमला त्याची एकुलती एक लेक. वस्तीतून नागपूरच्या मेडिकल कॉलेजात गेलेली पहिली पोरगी. डॉक्टर झाल्यावर तिथेच राहून ती आता एक्स-रेचं पुढचं शिक्षण घेत होती. लोक विचारायचे, "डॉक्टरीण झाली अन् फोटोच काढत बसते काय जी?" पुनाराम ऐटीत सांगायचा, "फोटो काढणारा येगळा. माही पोरगी फोटो वाचते. कागदावर लिवलेलं त कोणीबी वाचते, हे माणसाच्या आतलं वाचते."

सत्त्याहत्तरच्या थंडीत पुनारामला खोकला लागला. अडुळसा झाला, सुंठ झाली, खाणीच्या दवाखान्यातली बाटली झाली, पण खोकला हटेना. खाणीतल्या माणसाचा खोकला म्हटलं की सगळ्यांना एकच धास्ती, छातीत धूळ बसली. म्हणून दवाखान्याने त्याला एक्स-रे काढायला बालाघाटला धाडलं.

तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. मग म्हणाले, "मुकादम, फेफड़े तो साफ हैं. धूल-वूल कुछ नहीं. खाँसी ठीक हो जाएगी. लेकिन ये देखो." त्यांनी पेन्सिलीचं टोक फोटोवर ठेवलं. हृदयाच्या उजव्या कुशीला, खाली, मुठीएवढी एक गोल सावली चिकटून बसली होती.

"ये क्या है साहब?"

"ये मैं यहाँ से नहीं कह सकता. दिल बढ़ा हो सकता है, गाँठ हो सकती है. नागपुर दिखा लो. तब तक भारी काम नहीं. और वो गाना-वाना भी बंद. छाती पर ज़ोर नहीं पड़ना चाहिए."

डॉक्टर सरळ माणूस होता. जे दिसलं ते सांगितलं, जे कळलं नाही तेही सांगितलं. पण पुनारामच्या कानात शेवटचंच वाक्य घुमत राहिलं.

वस्तीत बातमी पसरायला किती वेळ लागतो! पुनारामच्या काळजाला गाठ झाली, असं पहिल्या दिवशी म्हणत होते. दोन दिवसांनी काळीज फाटलं इथपर्यंत मजल गेली. नळावर बाया सीताबाईला, म्हणजे पुनारामच्या बायकोला, आपली पाळी सोडून आधी पाणी भरू द्यायला लागल्या. तो मान नको म्हणून ती घागर अर्धी भरताच घरी निघायची. खोकला आठवड्याभरात गेला. पण पुनाराम घराच्या ओट्यावर गप्प बसून राही. बोलायचं झालं तरी हळू आवाजात. जणू काचेचं भांडं छातीत ठेवलं आहे आणि मोठ्याने बोललं तर तडकेल.

एके संध्याकाळी जयंती मंडळाचा अध्यक्ष डोमाजी आला. पुनारामचा लहानपणापासूनचा सोबती. बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलत बसला. मग खाली पाहत म्हणाला, "पुनाराम, यंदा तू आराम कर. गोंदियाची गाण्याची पार्टी सांगतो मी. पुढच्या साली तूच हायेस ना बाप्पा."

"सांग ना," पुनाराम म्हणाला. "चांगली पार्टी सांगजो. बेसूर नोको आणू."

डोमाजी गेल्यावर सीताबाईने पाहिलं तर नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती जवळ बसली.

"कमलाले कळवा ना जी. एवढी डॉक्टरीण पोरगी असून..."

"तिचा अभ्यास हाय. तिले काई सांगू नोको."

"काहून?"

खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती. माणसाच्या आतलं वाचणारी पोरगी आपल्या आतलं वाचेल, आणि तिचा चेहरा पाहून आपल्याला कळेल. ते त्याला नको होतं.

पण डोमाजी काही कामाने नागपूरला गेला आणि वसतिगृहाच्या दारात उभा राहून कमलाला सगळं सांगून आला. दुसऱ्या दिवशी गोंदियाहून अरुंद रुळांच्या छोट्या लाईनच्या गाडीत बसून कमला बालाघाटला उतरली, आणि सायकल रिक्षा करून दुपारी घरी हजर. आईला मिठी मारली, बापाकडे वळली. म्हणाली, "फोटो कोठं हाय?"

तिने फोटो खिडकीत धरला. पुनाराम तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता. कपाळावर आठी आली, गेली. तिने फोटो जरा तिरका केला, मग पुन्हा सरळ केला.

"काय हाय वं?" शेवटी त्याच्याने राहवेना.

"मले माहीत नाई, बाबा."

सीताबाईच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली आलं. एवढं शिकून पोरगी म्हणते माहीत नाही!

"आत्ता माहीत नाई," कमला म्हणाली. "हा फोटो एका बाजूचा हाय. सावली एका बाजूनं पाहून वस्तू ओयखता येते काय? टेकूची सावली अन् माणसाची सावली अंधारात सारखीच दिसते. माह्यासंगं नागपूरले चला. फिरवून फिरवून पाहू."

"कापतीन काय मले?"

"आधी पाहू त द्या, बाबा."

तिने धीर दिला नाही, थापही मारली नाही. आणि नवल असं, की त्या रात्री पुनारामला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे विभागाचे प्रमुख होते डॉ. हरदास. पिकलेले केस, वाकलेली मान, बोलणं अगदी थोडं. त्यांनी फोटो पाहिला आणि पुनारामला पडद्यावर पाहायचं ठरवलं. त्या काळात एक काळोखी खोली असे. रोग्याला यंत्र आणि चमकत्या पडद्याच्या मध्ये उभं करायचे, आणि आतलं हृदय, आतला श्वास तिथल्या तिथे हलताना डॉक्टर पाहायचे. चिरायचं नाही, टोचायचं नाही.

पुनाराम गेला तेव्हा कमला आणि डॉ. हरदास दोघंही बाहेरच्या बाकावर लाल काचांचे चष्मे लावून गप्प बसलेले होते.

"हे कायले वं?" त्याने कुजबुजून विचारलं.

"अंधारात बारीक दिसाले डोळे तयार करा लागते, बाबा. लाल काचेमागं डोळ्याले अंधाराची सवय होते."

डॉ. हरदास कमलाकडे वळून म्हणाले, "हे बघ, स्वतःच्या माणसाला तपासताना हात कापतो. तुला बाहेर थांबायचं असेल तर थांब. कोणी काही म्हणणार नाही."

"मी मागे उभी राहते, सर. बोलणार नाही."

खोलीत मिट्ट काळोख. पुनारामला खाणीतल्या अंधाराची भीती कधी वाटली नव्हती, पण इथे थंडगार काच उघड्या छातीला टेकली आणि त्याच्या अंगावर काटा आला. यंत्र घुरघुरलं. पडद्यावर हिरवट उजेड उमटला, तो डॉक्टरांच्या हनुवटीवर पडला.

"दीर्घ श्वास घ्या," डॉ. हरदास म्हणाले.

पुनारामने भीत भीत घेतला. गेल्या कित्येक दिवसांत त्याने छाती भरून श्वास घेतलाच नव्हता.

"अजून. आणखी घ्या."

जमेना. डॉक्टर त्याला जरा डावीकडे फिरवत, जरा उजवीकडे फिरवत. पण सावली जिथल्या तिथे बसलेली. "असं नाही कळायचं," ते स्वतःशीच पुटपुटले.

तेवढ्यात मागच्या अंधारातून कमलाचा आवाज आला. न बोलण्याचं वचन तिने मोडलं. "बाबा, असा नाई. वरची पट्टी घ्याले जसा श्वास भरता ना, तसा भरा. अन् मंग सूर लावा. मोठा."

"मले मना हाय ना?"

"आज मना नाई. मी सांगून राह्यली ना!"

पुनाराम क्षणभर थांबला. मग त्याने डोळे मिटले, खांदे खाली सोडले आणि श्वास घ्यायला सुरुवात केली. बरगड्या फुलत गेल्या, पोट ताणलं गेलं, आणि तरी श्वास आत जातच राहिला. आणि मग त्या बंद खोलीत त्याने सूर सोडला. एकच, सरळ, न हलणारा. बाहेरच्या रांगेतले रोगी दचकले. झाडू मारणारी बाई दाराला कान लावून उभी राहिली. सूर लांबत गेला, लांबत गेला, आणि भरलेली छाती अगदी सावकाश रिकामी होत गेली.

डॉ. हरदास पडद्याला नाक टेकेल इतके पुढे वाकले होते. "कमला, इकडे ये," ते म्हणाले. "ये लवकर. बाबा, पुन्हा एकदा."

पुनारामने पुन्हा भाता भरला. पुन्हा सूर. या वेळी दोन चेहरे हिरव्या उजेडात दिसत होते, एक म्हातारा आणि एक आपल्या लेकीचा. दोघंही श्वास रोखून पाहत होते.

त्यांनी त्याला कुशीवर निजवून पाहिलं. खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजून पाहिलं, आतडं वर सरकून छातीत आलं असेल तर तेही कळावं म्हणून. ते तसं नव्हतं. फोटो काढले, छाती भरलेली असताना आणि छाती रिकामी असताना. दुपारी कमलाने दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावून बापाला दाखवले.

"पाहा बाबा. इथं तुमी श्वास भरला, त सावली कशी लांब झाली? पानावरून थेंब खाली उतरते तशी. अन् इथं श्वास सोडला, त बसकी झाली, मडक्यावाणी. घट्ट मांसाची गाठ असती त आपला आकार सोडती काय? अन् काळीज वाढलं असतं, त काळजासंगं धडधडली असती. हे धडधडत नाई, नुसती हलते."

"म्हंजे?"

"म्हंजे मले वाटते, हे पाणी हाय. काळजाच्या बाहेरच्या पडद्याले एक पातळ पिशवी असते काही लोकांच्या, जन्मापासून. त्यात पाणी. ते कोणाचं काई वाईट करत नाई."

डॉ. हरदास मागून आले. म्हणाले, "नंदागवळी, मी इतकी वर्षं लोकांना श्वास घ्या म्हणून सांगतो. लोक जेमतेम घेतात आणि लगेच सोडतात, मला काही दिसायच्या आत. तुमच्यासारखा श्वास या पडद्यामागे कोणी घेतला नाही. सावलीचा आकार कसा कसा बदलत गेला, सगळं दिसलं."

पुनारामची मान जरा ताठ झाली. कित्येक दिवसांनी झाली.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. छातीच्या शस्त्रक्रिया करणारे मोठे सर्जन होते, त्यांचं मत पडलं की छाती उघडून पाहावी. त्यासाठी सगळे डॉक्टर एका खोलीत जमले. पुनारामलाही बोलावून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. डॉ. हरदासांनी फोटो पेटीवर लावले आणि स्वतः मागे सरकून म्हणाले, "डॉक्टर नंदागवळी सांगतील."

पुनारामला वाटलं आपल्यालाच बोलावलं. तो अर्धवट उठला. मग त्याच्या लक्षात आलं, डॉक्टर नंदागवळी म्हणजे कमला.

कमला उभी राहिली. ती इंग्रजीत बोलत होती आणि पुनारामला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण आवाज कळत होता. सुरुवातीला तो बारीक होता, जरा कापरा. मग ती फोटोकडे वळली, बोट ठेवलं, आणि आवाज जमिनीवर पाय रोवल्यासारखा उभा राहिला. चढवायचा तिथे चढवला, थांबायचं तिथे थांबली. कोणी मध्ये बोललं तर पुरतं ऐकून घेतलं आणि मग उत्तर दिलं. पुनारामने आयुष्यभर मंचावर माणसं पाहिली होती. कोणाचा सूर लागला आणि कोणाचा नाही, हे त्याला शब्द न कळताही कळायचं. पोरीचा सूर लागला होता. समोर बसलेल्या एवढ्या मोठ्या मोठ्या डॉक्टरांत पान हलत नव्हतं. हिचा आजा गावाबाहेरच्या वाटेने जायचा, आणि ही इथे उभी राहून बोलते आहे, ते ऐकत आहेत. त्याने गमछा तोंडाला लावला.

मग सर्जन साहेब मराठीत बोलले, बहुधा पुनारामलाही कळावं म्हणून. "डॉक्टर, तुमचं वाचन चांगलं आहे. पण पाण्याच्या गाठी दोन तऱ्हेच्या. एक तुम्ही म्हणता ती, निरुपद्रवी. दुसरी कुत्र्याच्या पोटातल्या किड्यापासून होणारी. तीही पाण्याचीच, पण तिच्या आत आणखी पडदे, आणखी पिलं असतात. ती छातीत फुटली तर माणूस जाऊ शकतो. ही पहिलीच आहे, याची खात्री देता?"

पुनाराम लेकीकडे पाहत होता. हो म्हण, त्याला वाटत होतं, म्हणून टाक हो.

"नाही, सर," कमला म्हणाली. "खात्री नाही देता येत. एक्स-रेत कडा दिसते, पोटात काय आहे ते दिसत नाही."

"मग?"

"म्हणूनच म्हणते, छाती उघडण्याआधी एक मार्ग बाकी आहे. मुंबईला आवाजाच्या लाटांनी आतलं दाखवणारं यंत्र आलं आहे. पाणी असेल तर काळं दिसतं. आत पडदे असतील तर पडदे दिसतात. सुरी लागत नाही. ते पाहू. पडदे दिसले तर मी स्वतः बाबांना तुमच्या टेबलावर आणून सोडीन."

सर्जन साहेब तिच्याकडे पाहत राहिले. मग पुनारामकडे वळले. "तुम्ही गाता म्हणे?"

"हौ साहेब."

"मी छाती उघडली तर तुम्ही बरे व्हाल. आवाजही राहील. पण श्वास पूर्वीसारखा भरेल, असं वचन मी देणार नाही." ते उठले. "डॉक्टर नंदागवळी, मुंबईतले ते डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. मी फोन करतो. तुम्ही घेऊन जा."

मुंबईतली ती खोली लहान होती. यंत्र कपाटाएवढं, आणि त्याला एक छोटा गोल पडदा. तिथले डॉक्टर म्हातारे पारशी, मोठ्या गमतीचे. त्यांनी पुनारामच्या छातीवर भरपूर तेल चोळलं आणि म्हणाले, "घबराने का नहीं, मालिश समझो." मग बॅटरीसारखी एक दांडी छातीवर फिरवायला लागले. पडद्यावर ठिपके लकाकले, नुसता पाऊस पडावा तसे.

"गाने वाला है ना तू? अब मेरा मशीन गाएगा, तेरा दिल सुनेगा. इतना ऊँचा गाता है कि कान को सुनाई नहीं देता."

पुनारामला हे फार आवडलं. कानाला ऐकू न येणारा सूर! तो मान वळवून पडद्याकडे पाहायला लागला. ठिपक्यांच्या त्या गर्दीत एक जागा होती, जिथे एकही ठिपका नव्हता. काळीभोर. बुबुळासारखी स्वच्छ.

पारशी डॉक्टरांनी दांडी कमलाच्या हातात दिली. "बेटी, तू देख. अच्छी तरह देख, हर तरफ से."

कमलाने दांडी हातात घेतली. पुनारामला छातीवर तिचा हात जाणवला. तिने वरून पाहिलं, खालून पाहिलं, बरगड्यांच्या फटीतून तिरकं पाहिलं. सगळीकडून तेच. काळं, नितळ. आत एक रेघ नाही, एक पडदा नाही. आणि त्या काळ्याच्या पलीकडे हृदयाची भिंत लखलखत उघडझाप करत होती.

"काई नाई बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. "आत काईच नाई. नुसतं पाणी हाय."

"बिलकुल पानी," पारशी डॉक्टर म्हणाले. "पुराने डॉक्टर लोग इसको झरने के पानी की गाँठ बोलते थे. इतना साफ़ होता है. माँ के पेट से लेकर आया है तू. जा, गा."

पुनाराम उठून बसला. तेलाने छाती चकचकत होती. लेकीकडे पाहून म्हणाला, "म्हंजे इतकी वर्षं वैनगंगेचं पाणी काळजापाशी घेऊन फिरून राह्यलो मी, अन् मलेच माहीत नाई!"

कमला हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पारशी डॉक्टरांनी दोघांसाठीही चहा मागवला.

सर्जन साहेबांनी मुंबईचे फोटो पाहिले, आणि म्हणाले, "वर्षातून एकदा एक्स-रे काढा. वाढली तर माझ्याकडे या, नाही तर येऊ नका." एवढं बोलून त्यांनी कमलाशी हात मिळवला. पुनाराम हे घरी सीताबाईला सांगताना हात कसा मिळवला ते तिचाच हात धरून दाखवायचा. "असा! बरोबरीच्या माणसाशी मिळवते तसा!" सीताबाई हात सोडवून घेत म्हणायची, "झालं ना जी आता, कितीदा दाखवसान?" पण शेजारची बाई आली की तीच आठवण करून द्यायची, "अवो, ते हात मिळवल्याचं सांगा ना."

एप्रिलात जयंती आली. गोंदियाची पार्टी ठरलेलीच होती. डोमाजी ओशाळून आला, की आता त्यांना कसं नाही म्हणू. पुनाराम म्हणाला, "येऊ दे ना बाप्पा. ते भोंग्यावर गातीन. मले एकच गाणं दे, अन् ते गाण्याआधी बोलाले थोडा येळ दे."

कमला रजा घेऊन आली होती. मैदानात बायांच्या बाजूला आईजवळ बसली होती. पुनाराम पांढरा सदरा घालून मंचावर आला. गोंदियाच्या गायकाने मान देऊन जागा करून दिली.

"लोकहो," तो म्हणाला, "तुमी म्हणत होते पुनारामचं काळीज फाटलं. फाटलं नाई. काळजापाशी पाणी हाय, झऱ्याचं, जन्मापासून. हे कोणी सांगलं? सुरी न लावता, टाका न घालता कोणी सांगलं? माह्या पोरीनं! सावली पाहून सांगलं, आवाज पाहून सांगलं. अन् जे तिले माहीत नव्हतं, ते मोठ्या मोठ्या डॉक्टरांपुढं उभी राहून 'माहीत नाई' म्हणाली. मले त्याचाच सगळ्यात जास्ती गर्व हाय. माहीत नसून माहीत हाय म्हणणारे म्या लय पाह्यले. बाबासाहेबानं शिका म्हणलं. हे अशी शिकली. उभी राह्य वं कमला!"

"बाबा, बसा ना," कमला खालूनच पुटपुटली आणि पदराने तोंड झाकलं. पण सीताबाईने दंडाला धरून तिला उभं केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. नळावर सीताबाईला पाळी सोडणाऱ्या त्याच बाया मागे वळून वळून कमलाला पाहत होत्या, आणि आपल्या पोरींना पुढे ढकलून दाखवत होत्या.

मग पुनारामने भोंग्याचा माईक बाजूला सारला, श्वास घेतला आणि गायला.

पुढच्या वर्षी परीक्षा होऊन कमलाची नेमणूक बालाघाटलाच झाली. लोकांनी समजावलं, नागपुरात राहा, तिथं नाव होईल. ती म्हणाली, नाव तिथे पुष्कळांचं आहे. पुनाराम वर्षाचा एक्स-रे काढायला तिच्याकडे जायचा. सावली होती तेवढीच, होती तिथेच. दवाखान्यातल्या कोणीही त्याला लवकर आत घेतलं असतं, पण तो रांगेतच बसायचा. रांगेत बसायलाच तर तो यायचा.

एकदा त्याच्या शेजारी बिरसा गावाकडची एक म्हातारी येऊन बसली. मांडीवर गाठोडं, चेहरा उतरलेला. सोबतचा मुलगा चिठ्ठ्या घेऊन कुठे कुठे फिरत होता. म्हातारी आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. पुनारामला एवढंच कळलं की आत अंधारात नेतात, तिथं काय करतात, याची तिला भीती वाटते.

"कुछ नहीं करते, माय," तो तिच्याकडे सरकून म्हणाला. "मैं जा के आया हूँ. अंधेरा रहता है, काँच थोड़ी ठंडी लगती है, बस. काटते नहीं, सुई नहीं मारते. सिर्फ देखते हैं. और देखने वाली कौन है, मालूम?"

म्हातारीने नाही म्हणून मान हलवली.

"मेरी बेटी."

म्हातारीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. खाणीत काम करून खरखरीत झालेले हात, गमछा, पायांतल्या टायरच्या चपला. तिला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे. पण तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

"लंबी साँस ले के देख," पुनाराम म्हणाला. "अंदर वही बोलेगी. अभी सीख ले मेरे पास. नाक से. धीरे. और ले, और ले, डर मत..."

म्हातारी त्याच्याकडे पाहत श्वास घ्यायला लागली. दार उघडलं आणि लाल चष्मा कपाळावर सरकवलेली कमला बाहेर आली. बापाकडे तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि म्हातारीला हात दिला. पुनारामने गाठोडं आपल्या मांडीवर घेतलं आणि तिला म्हणाला, "जा माय. मैं यहीं बैठा हूँ."